लाकडी कानाबो घरी कसा बनवायचा आणि फिरवायला कशी सुरुवात करायची

कानाबो म्हणजे जपानी जड सोटा, आणि तो म्हटला की बहुतेकांना आधी ओनी, म्हणजे जपानी गोष्टींतला राक्षस आठवतो, शिंगवाला, लाल नाहीतर निळ्या अंगाचा, कमरेला वाघाचं कातडं आणि हातात काटेरी लोखंडी सोटा. होक्काइदोमधल्या नोबोरिबेत्सुला गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी ओनीचे मोठे पुतळे आहेत त्यांच्या हातातही हेच. जपानीत "ओनी नी कानाबो" अशी म्हणच आहे, आधीच दांडगा त्यात हातात कानाबो. पण हे हत्यार गोष्टीतल्या राक्षसांचं नंतर झालं, आधी ते चिलखत घातलेल्या माणसांशी लढणाऱ्या माणसांच्या हातात होतं, आणि ते कसं चालायचं हे समजून घ्यायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एक स्वतः तासून बनवणं आणि मग तो हळूहळू फिरवायला शिकणं. हे मी अगदी मनापासून सांगतोय, फोटो बघून यातलं काहीच कळत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण मापं कुठून आली हे माहीत असलं की बनवताना निर्णय सोपे जातात. हा प्रकार जोरात आला तो नानबोकुचो काळात, म्हणजे १३३६ ते १३९२, जेव्हा जपानमध्ये एकाच वेळी दोन राजदरबार होते आणि दोघांचं एकमेकांशी युद्ध चाललेलं. त्याच लढायांवरच्या ताइहेइकी या बखरीत आठकोनी तासलेल्या लांबलचक सोट्यांचा उल्लेख येतो. सुरुवातीचे कानाबो लाकडीच होते, ओक किंवा चेस्टनटसारखं कडक लाकूड सहा नाहीतर आठ कोनी तासायचं आणि त्यावर लोखंडी पट्ट्या, कडी आणि डोक्याचे खिळे ठोकायचे. पूर्ण लोखंडाचे नंतर आले, त्यांना तेत्सुबोही म्हणतात. कारण साधं होतं, तलवारीने चिलखत कापलं जात नाही, धार सरकून जाते, पण जड सोट्याचा दणका चिलखताच्या आतल्या माणसापर्यंत पोचतो, हेल्मेट शाबूत राहिलं तरी आतलं डोकं राहीलच असं नाही.

एक गोंधळ इथेच मिटवतो. जपानी मिरवणुकांमध्ये तेकोमाइ म्हणून बायका पुरुषी वेषात पुढे चालतात, त्यांच्या हातात लोखंडी कड्या लावलेली एक बारीक काठी असते, जमिनीवर आपटली की खणखण वाजते. तिलाही कानाबोच म्हणतात. शोधताना ते फोटो मध्ये मध्ये येतात, ते वेगळं, आपण लढाईतल्या जाड सोट्याबद्दल बोलतोय.

आता मुद्द्यावर. आपण बनवणार आहोत ३ शाकूचा, म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर (१ शाकू म्हणजे ३०.३ सेंमी). जुने ६-७ शाकूचेही असायचे पण तेवढा लांब पहिल्यांदा करू नका, लाकूडही सरळ मिळत नाही आणि फिरवायला तर अजिबात झेपत नाही. ३ शाकूत हत्याराचा स्वभाव पूर्ण कळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काय ते सुरुवातीलाच सांगतो. कानाबोत काटे महत्त्वाचे नसतात, उतार महत्त्वाचा असतो. मुठीकडे बारीक आणि टोकाकडे जाड होत जाणारा तो जो तिरका उतार आहे, त्याच्यावर ठरतं की वजन कुठे बसणार. गदेत वजन एका गोळ्यात असतं, कानाबोत ते लांबीवर पसरलेलं असतं आणि म्हणूनच तो दोन हातांनी आवरता येतो. लोक काय करतात, काट्यांच्या उत्साहात आधी खिळे आणतात आणि सोटा कसातरी गोल तासून त्यावर ठोकून मोकळे होतात, मग तो दिसतो भारी पण हातात घेतला की मेलेला वाटतो. खिळे सगळ्यात शेवटी, आणि नाही लावले तरी चालेल.

लाकूड

जपानमध्ये यासाठी काशी वापरतात, म्हणजे तिथला सदाहरित ओक, त्यात आकागाशी म्हणजे लालसर आणि शिराकाशी म्हणजे पांढरट. क्युशूमधल्या मियाकोनोजो शहरात सरावाच्या लाकडी तलवारी मोठ्या प्रमाणावर बनतात, त्याही याच लाकडांच्या. काशी मिळत असेल तर उत्तम, नाहीतर पांढरा ओक, हिकरी, अॅश यातलं काहीही चालतं, आणि हेही नाही मिळालं तर एक सोपी खूण, कुदळ-कुऱ्हाडीच्या दांड्याला जे लाकूड वापरतात ते घ्या, कारण त्याला नेमकं हेच काम असतं, दणका खायचा आणि फुटायचं नाही. पाइन आणि तत्सम मऊ लाकूड अजिबात नको, आणि सुतारकामाला कितीही छान असलं तरी ठिसूळ लाकूडही नको.

तुकडा घ्या ५.५ x ५.५ सेंमी चौकोनी आणि ९५ ते १०० सेंमी लांब. बघायचं काय तर रेषा. तुकडा उजेडात धरा आणि एका कडेवरून रेषा कुठे जातात ते बघत जा, त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच बाजूला निघून जाणारी रेष म्हणजे उद्याची भेग. गाठ टोकाकडे एखादी छोटी असली तर चालवून घ्या पण मुठीत आणि मुठीच्या वरच्या वीतभर भागात गाठ अजिबात नको, सगळा ताण तिथेच येतो. झाडाचा मधला गाभा त्या तुकड्यात असेल तर तोही सोडून द्या, वाळताना तिथून हमखास चिरतं.

वजन करून बघा. ५.५ x ५.५ x ९५ चा तुकडा साधारण २८७४ घन सेंमी भरतो, काशीसारखं जड लाकूड असेल तर अडीच किलोच्या आसपास वजन येतं, पावणेदोन किलोच येत असेल तर लाकूड हलकं आहे, बनेल पण मजा येणार नाही. आणि खूपच जड लागलं तर खूश होऊ नका, ओलं असू शकतं. काही दिवसांनी परत वजन करा, उतरलं असेल तर अजून वाळतंय, थांबा. ओल्या लाकडाचा कानाबो तासून ठेवला की चार दिवसांनी त्याला पीळ पडतो आणि आठ बाजूंपैकी एकही सरळ राहत नाही.

तासणं

हत्यारं फार लागत नाहीत. करवत, रंधा, गुण्या, पट्टी, कंपास, एक कानस आणि तुकडा घट्ट धरायला शिकंजा. जपानी पद्धतीने करायची हौस असेल तर त्यांचा रंधा म्हणजे कान्ना, तो आपल्याकडे ओढून चालवतात आणि त्यांची करवतही ओढतानाच कापते. गोलसर भागाला नानकिन-कान्ना म्हणून छोटा दोन मुठींचा रंधा असतो तो फार कामाचा. पण साधा रंधाही पुरेसा आहे, अडून बसू नका.

पहिलं काम, तुकडा चारही बाजूंनी सरळ आणि काटकोनात करून ५.२ सेंमीवर आणायचा. दोन्ही टोकं बारीक भेगा असतील तेवढी कापून ९१ सेंमीवर आणा. मग चारही बाजूंवर मधोमध एक रेघ मारा, पूर्ण लांबीभर. जपानी सुतार यासाठी सुमित्सुबो वापरतात, शाईत भिजलेला दोरा ताणून टचकन सोडायचा. ही मधली रेघ शेवटपर्यंत सांभाळायची, पुढची सगळी मापं हिच्यापासून घ्यायची, कडेपासून नाही, कारण कडा तासून जाणार आहेत.

आता मुठीकडच्या टोकापासून ३० सेंमीवर खूण करा, ही मूठ. मुठीच्या अगदी शेवटचे ३ सेंमी ४ सेंमी जाडीचे ठेवायचे, तो झाला गड्डा, हात घसरून बाहेर जाऊ नये म्हणून. उरलेली मूठ ३.२ सेंमी जाडीची. मूठ संपते तिथे ३.४ आणि तिथून टोकापर्यंत सरळ रेषेत वाढत ५.२. ही मापं मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी टाका, रेघा जोडा, आणि आधी दोन समोरासमोरच्या बाजू तासा, मग त्यांच्यावर परत खुणा करून उरलेल्या दोन. म्हणजे आधी उतार असलेला चौकोनी सोटा तयार झाला पाहिजे, कोपरे अजून कापायचे नाहीत. रंधा नेहमी जाड टोकाकडून बारीक टोकाकडे चालवायचा, उलटा चालवलात तर रेषांच्या खाली घुसून कपचे निघतात, आणि कडक लाकडात कपचा निघाला की तो भरून येत नाही.

आता आठकोन. यासाठी एक फार सुंदर युक्ती आहे. टोकाच्या चौकोनावर दोन्ही कर्ण काढा. कंपास एका कोपऱ्यावर ठेवा आणि मधल्या बिंदूपर्यंत उघडा, म्हणजे अर्ध्या कर्णाएवढा, आणि कोपऱ्याला लागून असलेल्या दोन्ही बाजूंवर खूण करा. चारही कोपऱ्यांवरून हेच करा. आठ खुणा येतात, त्या जोडल्या की अचूक आठकोन, काही हिशोब नाही. ५.२ च्या टोकाला ही खूण तिच्या जवळच्या कोपऱ्यापासून १.५ सेंमीवर येते, ३.४ च्या जागी जवळजवळ १ सेंमीवर. टोकावरच्या खुणा आणि मुठीच्या सुरुवातीच्या खुणा पट्टीने सरळ जोडून टाका, उतार सरळ रेषेत असल्यामुळे मधलं सगळं आपोआप बरोबर येतं. मुठीवरही अशाच रेघा ओढा.

मग कोपरे तासा. एका कोपऱ्यावर सलग बसू नका, एक थोडा, मग समोरचा थोडा, मग उरलेले दोन, असं फिरत फिरत रेघेपर्यंत या. शेवटच्या मिलिमीटरला पातं घासून अगदी धारदार करा आणि एकदम पातळ साल काढा. एक खूण बघा, सगळं नीट चाललं असेल तर शेवटी निघणारी साल रिबिनीसारखी अखंड येते, रुंदी एका टोकाला २ सेंमीच्या थोडी वर आणि दुसऱ्या टोकाला दीडच्या थोडी खाली, आणि ती हातात धरली की उतार त्या सालीतच दिसतो. आठही बाजूंच्या अशा साली निघाल्या की समजा काम जमलं. जाड टोकाला प्रत्येक बाजू २.१५ सेंमी रुंद आली पाहिजे, मुठीच्या सुरुवातीला १.४.

मुठीचे आठ कोपरे कानस आणि पॉलिश पेपरने थोडे मोडा, पूर्ण गोल करू नका. कोपरे राहिले की न बघता कळतं हातात सोटा किती फिरलाय, गोल मुठीत ते कळत नाही आणि घाम आला की ती हातातल्या हातात फिरते. मूठ धरली की बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळापर्यंत पोचली पाहिजेत. हात लहान असेल तर ३.२ ची मूठ २.९ पर्यंत आणा, त्याखाली जाऊ नका. मुठीचा आणि अंगाचा सांधा एकदम पायरीसारखा ठेवू नका, हलक्या वळणाने उतरवा, पायरी ठेवली की तिथूनच मोडतं. टोकाची कडही दोन-तीन मिलिमीटर गोल करून घ्या, नाहीतर पहिल्याच आपटीत तिथला टवका उडेल.

आता बोटावर तोलून बघा. या मापाचा साधा कानाबो मुठीच्या टोकापासून साधारण ५४ सेंमीवर तोलला जातो आणि वजन १.१ किलोच्या आसपास भरतं. ऐकायला काहीच वाटत नाही, पण हातात धरून आडवा केलात की लगेच कळेल. ५४ च्या बराच आत येत असेल तर मुठीकडे लाकूड जास्त राहिलंय, तिथे अजून एखादी साल काढा. हाच आकार भरीव लोखंडात केला तर साडेनऊ किलो होईल, म्हणूनच पूर्ण लोखंडी कानाबो करताना जाडी कमी करावी लागते, नाहीतर युद्धात तर सोडाच, नुसता उचलूनच माणूस थकेल.

फिनिशिंग

रंग लावू नका, प्लीज. लाकडाला जवसाचं तेल द्या, पातळ हात, पुसायचं, वाळू द्यायचं, परत पातळ हात. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं वाळताना स्वतःच तापतं आणि खरंच पेट घेऊ शकतं, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका. जपानी हत्यारांवर उरुशी म्हणजे झाडाच्या चिकाचं लॅकर असतं, दिसतं अप्रतिम, पण ओला उरुशी कातडीला लागला तर भयंकर पुरळ येतं, शिकवणारं कोणी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

काळा हवा असेल तर एक रासायनिक गंमत आहे. व्हिनेगरमध्ये लोखंडी वूल दोन-तीन दिवस भिजत घाला (झाकण घट्ट लावू नका, गॅस तयार होतो), गाळा आणि ते पाणी ब्रशने ओकवर लावा. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, लोखंडाशी त्याचं जुळलं की लाकूड डोळ्यांदेखत निळसर काळं पडत जातं. रंगाचा थर बसत नाही, लाकूडच काळं होतं, त्यामुळे ते सोलून निघत नाही. पूर्ण वाळल्यावर मग तेल. लोखंडी खिळ्यांभोवती ओक काळा पडतो तेही याचमुळे, त्याला डाग समजून घासत बसू नका.

मुठीला हिरुमाकी करा. म्हणजे पट्टी नागमोडी गुंडाळत न्यायची, मध्ये तेवढीच मोकळी जागा सोडत, जुन्या भाल्यांच्या आणि नागिनातांच्या (लांब दांड्याला वक्र पातं लावलेलं हत्यार) दांड्यांवर असते तशी. दीड सेंमी रुंदीची चामड्याची पट्टी घेतलीत तर मुठीला साधारण दीड मीटर पुरते. चामडं ओलसर करून ताणून गुंडाळा, वाळलं की आवळून बसतं. दोन्ही टोकं छोट्या बारीक खिळ्यांनी ठोकून टाका आणि त्यांची डोकी कानसीने सपाट करा, हाताला लागता कामा नयेत. चामडं नको असेल तर जाड सुती दोरीही चालते.

खिळे आणि कडी, हवेच असतील तर

इथे दोन वेगळे हेतू आहेत आणि ते आधीच ठरवा. भिंतीवर लावायचा असेल तर खिळे लावा. सराव करायचा असेल तर लावू नका, काटेरी सोटा जवळून फिरवताना स्वतःच्या पायाला लागला तरी काय होईल याची कल्पना करा. दोन्ही हवं असेल तर दोन कानाबो बनवा, खरंच, दुसरा निम्म्या वेळात होतो.

या काट्यांना इबो नाहीतर होशी म्हणतात. मोठ्या चौकोनी किंवा घुमटाकार डोक्याचे खिळे घ्या, दांडा दीड ते पावणेदोन सेंमीपेक्षा लांब नको, कारण टोकाकडच्या ३५ सेंमीत बाजूपासून मध्यापर्यंतचं अंतर २.१ ते २.६ सेंमीच आहे आणि आठ बाजूंनी आठ खिळे आत एकमेकांना भिडले की लाकूड आतून फुटतं. त्यामुळेच शेजारशेजारच्या बाजूंवर खिळे एकाच उंचीवर घ्यायचे नाहीत, एका बाजूच्या दोन खिळ्यांच्या मधल्या उंचीवर पुढच्या बाजूचा खिळा. एकाच बाजूवरचेही अगदी एका रेषेत नको, किंचित डावीउजवीकडे, म्हणजे एकाच रेषेवर सगळ्यांची पाचर बसणार नाही. प्रत्येकाला आधी दांड्यापेक्षा थोडं बारीक भोक पाडा, खिळ्याला मेण लावा, मग ठोका. भोक न पाडता काशीत खिळा ठोकायला गेलात तर खिळा वाकेल नाहीतर लाकूड चिरेल.

आठ बाजूंना सहा-सहा म्हणजे ४८ खिळे, एक ६ ग्रॅमचा धरला तर जवळजवळ ३०० ग्रॅम वाढले, तेही टोकाला. वजन १.४ किलोच्या जवळ जातं आणि तोल ५४ वरून ५८ सेंमीवर सरकतो. चार सेंमीच तर, असं वाटेल, पण फिरवून बघा, तो वेगळाच सोटा झालेला असतो. उतार आधी नीट हवा असं मी एवढं का सांगत होतो ते इथे कळतं.

लोखंडी कडीला तागा म्हणतात. लोखंडाची पट्टी आठकोनी वाकवून वेल्ड करून घ्या आणि ती मुठीच्या बाजूने चढवा, टोकाच्या बाजूने नाही. गड्डा ४ सेंमीचा आहे, कडी ४.८ ची असेल तर सहज ओलांडून जाते आणि वर सरकत सरकत उताराला घट्ट अडकते. सोटा फिरवला की कडी बाहेरच्या बाजूला म्हणजे जाड टोकाकडे ढकलली जाते, त्यामुळे प्रत्येक फटक्यागणिक ती अजून आवळते. इतकं साधं आणि इतकं हुशार काम बघून मला तरी दर वेळी त्या जुन्या कारागिरांबद्दल आदर वाटतो.

फक्त कॉसप्लेसाठी, म्हणजे एखाद्या पात्राचा वेष करायला हवा असेल तर यातलं काहीच करू नका. मध्ये हलका पाइप, त्यावर फोमचे आठ तुकडे त्याच उताराने कापून चिकटवायचे, अर्धे कापलेले प्लॅस्टिकचे गोळे इबो म्हणून, वर काळा-चंदेरी रंग. गर्दीत खरा लाकडी सोटा घेऊन जाऊ नये.

फिरवणं

आता खरी मजा. पण आधी नियम, आणि हा कुठल्याही परिस्थितीत मोडायचा नाही, कानाबो माणसाशी जोडीने खेळायचा नसतो. गार्ड, हेल्मेट, हळू मारतो, काही नाही. हे हत्यार चिलखताच्या आतल्या माणसाला मारण्यासाठीच निघालेलं आहे, तुमचं पॅडिंग त्याच्यापुढे काहीच नाही. एकट्याने, मोकळ्या जागेत, चारही बाजूंना आणि डोक्यावर दोन-अडीच मीटर रिकामं, पायात पकड असलेलं काहीतरी.

डावा हात गड्ड्याला लागून, उजवा त्याच्या वर एक-दीड वीत. वजन डाव्या हाताने सांभाळायचं, उजवा दिशा देतो. पहिले काही दिवस फक्त धरायला शिका. सोटा समोर पोटाच्या उंचीवर धरा, टोक समोरच्याच्या गळ्याकडे असल्यासारखं, खांदे खाली, गुडघे हलके वाकलेले, आणि श्वास चालू ठेवा. मनगट दुखायला लागलं की बंद. ताकद कमी आहे म्हणून दुखत नसतं, बहुतेक वेळा मूठ अति घट्ट आवळलेली असते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घट्ट, वरची बोटं सैल, हे जपानी तलवारबाजीत पहिल्या दिवसापासून सांगतात आणि कानाबोला ते दुप्पट लागू आहे.

मग उचलणं. हातांनी उचलू नका, अंग थोडं खाली घ्या आणि वर येताना सोटा बरोबर वर येऊ द्या, टोक डोक्याच्या मागे लोंबकळू न देता. खाली आणताना ढकलायचं नाही, तो पडतोय तसा पडू द्यायचा, तुम्ही फक्त वाट दाखवायची आणि त्याच वेळी कंबर खाली बसवायची. सगळ्यात अवघड असतं ते थांबवणं. कोपर ताणून हवेत खटकन थांबवलंत की सगळा झटका कोपराच्या आतल्या बाजूला जातो आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात दोन्ही तळहात आतल्या बाजूला हलके पिळायचे, गुडघ्यात उतरायचं आणि वेग पायात जिरवायचा. थांबवता येत नसेल तर थांबवूच नका, सोटा बाजूने खाली जाऊ द्या आणि गोल फिरवून परत वर आणा. मला तर वाटतं कानाबोची खरी चाल हीच आहे, सरळ रेषेपेक्षा वर्तुळात तो फार आनंदाने चालतो, एका फटक्याचा उरलेला वेग पुढच्या फटक्यात वापरायचा. फटका चुकला आणि तुम्ही तो ओढून परत आणायला गेलात की तेवढा वेळ तुम्ही पूर्ण उघडे, ही या हत्याराची मोठी कमजोरी आहे आणि ती ताकदीने नाही, या वर्तुळानेच झाकली जाते.

मोजून कमी करा. दहा नीट फटके झाले की पुरे, अकराव्यात वाकडं गेलं तर तिथेच थांबा. डावा हात वर घेऊनही तेवढेच करा, नाहीतर पाठ एका बाजूने भरते. फटके हवेत नीट यायला लागले की मगच काहीतरी मारायला घ्या. सात्सुमाच्या, म्हणजे आजच्या कागोशिमाच्या, जिगेन-र्यू या तलवारबाजीच्या परंपरेत जमिनीत रोवलेल्या खांबावर लाकडी काठीने मारत राहतात, त्याला तातेगी-उची म्हणतात. तोगो शिगेकाता यांची ही परंपरा ४०० वर्षांहून जुनी आहे. ते यूसू नावाच्या अतिशय कडक लाकडाची काठी वापरतात. आपल्या कानाबोने मात्र थेट खांबावर मारू नका, त्याचं वजन टोकाला आहे आणि परत येणारा झटका सरळ मनगटात येतो. जमिनीवर पक्का ठेवलेला जुना टायर घ्या, त्यावर अर्ध्या जोराने, आणि आदळायच्या क्षणी मूठ किंचित सैल सोडा. टायर सोट्याला परत फेकतो, तेव्हा तोंड त्या रेषेत ठेवू नका.

जपानमध्ये राहत असाल किंवा तिकडे सराव करायला जाणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. तिथल्या १९४८ च्या किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात, योग्य कारण नसताना लपवून बाळगायच्या नाहीत अशा वस्तूंमध्ये सुऱ्यांबरोबर लोखंडी दांड्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. दोजोला, म्हणजे सरावाच्या जागी, जाता येताना पिशवीत नीट बांधून न्या, सरळ तिथे जा, सरळ घरी या, गाडीत कायमचा ठेवून देऊ नका. विमानात केबिनमध्ये अर्थातच नाही, चेक-इन सामानात.

ठेवताना आडवा ठेवा, दोन आधारांवर, भिंतीला टेकवून उभा ठेवला तर हळूहळू बाक येतो. उन्हात आणि हीटरजवळ नको. कोरड्या हवेत अधूनमधून तेलाचा हात द्या. दर वेळी फिरवायच्या आधी मुठीच्या वरच्या भागावरून अंगठा फिरवा आणि उजेडात बघा. रेषेबरोबर गेलेली केसासारखी भेग टोकाला असेल तर तेल द्या आणि लक्ष ठेवा. भेग मुठीत असेल किंवा रेष सोडून आडवी जात असेल तर तो कानाबो त्याच दिवशी भिंतीवर लावा, डिंक भरून, दोरी गुंडाळून परत फिरवू नका, तुटलेलं टोक कुठे जाईल ते कोणाच्याच हातात नसतं.